इद्रिसूचं घमेलं

सनातूमावशीसारखा डूख धरणारी बाई आमच्या गावात दुसरी नाही. त्याबद्दल मी तिला कधी नावं ठेवली नाहीत, ठेवणारही नाही.

पूर्वी आमच्या बाजारात शियाच्या झाडाच्या, लोणी निघणाऱ्या बिया एकटा इद्रिसू विकत घ्यायचा. मापाचं घमेलंही त्याचंच. लोहाराकडून आतून ठोकून घेऊन त्याने त्याचं पोट चांगलं सुटेपर्यंत वाढवलं होतं, वर शीग लावून घ्यायचा ती वेगळीच. सगळ्या बायकांना कळत होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? एका बाजारी सनातूने बांधली. चारचौघांत म्हणाली, घमेलं खोटं आहे. इद्रिसू चिडला नाही. त्याने तिच्या ढिगातली एक बी फोडली, वास घेतला आणि बाजूला थुंकला.

"कुजका माल," तो म्हणाला.

बी चांगली होती, मी शेजारीच बसले होते. पण त्या मोसमात सनातूच्या बियांना कुणी हात लावला नाही. घरात मक्याचा दाणा उरेना, तेव्हा तिची लेक वुंपिनी डोक्यावर ओझी वाहायला दूर कुमासी शहरात गेली. पाच महिन्यांनी तिथल्या बाजारात ट्रकखाली सापडली. तिला मातीही तिकडेच दिली.

मग काही वर्षांनी, आमच्यासारख्यांचा व्यापार वाढावा म्हणून परदेशातून मदत आली. आधी काय हवं, असं साहेबांनी विचारलं. आम्ही लोणी काढायचं यंत्र मागितलं. सनातू म्हणाली, आधी तागडी द्या. तागडी आली, मागोमाग शेड, यंत्र आणि थेट परदेशातलं गिऱ्हाईक. माल पारखायचं काम सनातूकडे गेलं. इद्रिसूच्या घमेल्याकडे कुत्रं फिरकेना.

शेवटी लांबच्या गावांतून गोळा केलेली चाळीस पोती घेऊन तो आमच्याच शेडच्या दारात उभा राहिला. जुनं विसर म्हणाला, ताई म्हणाला. सनातूने एक बी फोडली, वास घेतला आणि थुंकली.

"कुजका माल."

माल उत्तम होता. कारकून म्हणाला, निदान वजन तरी करू. पारख माझी आहे, असं म्हणून तिने त्याला गप्प केलं. ती धडधडीत खोटं बोलली आणि माझं काळीज थंड झालं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी बसथांब्यावर उभ्या होतो. कुमासीच्या बसला इद्रिसूची लेक नेइमा आली होती. पंधरा वर्षांची पोर, डोक्यावर ओझ्यासाठी घेतलेलं तेच पोटसुटं घमेलं. मला वाटलं, आता सनातू हसेल. तिने पुढे होऊन ते घमेलं ओढून घेतलं आणि पोरीला हाताला धरून थेट बापासमोर नेलं.

"ही उद्यापासून शेडमध्ये कामाला येईल," ती म्हणाली. "पण रोज संध्याकाळी न्यायला तूच यायचंस. दुसऱ्या कुणाला पाठवलंस तर काम बंद."

"मीच का?" इद्रिसूने खाली बघत विचारलं.

"लेक घरी परत येते तेव्हा बापाचं तोंड कसं दिसतं, ते मला बघायचंय."

तेव्हापासून तो रोज येतो. सनातू हातातलं काम टाकून दारात उभी राहते आणि ती दोघं वळणाआड जाईपर्यंत बघत राहते.