होडी हलत नव्हती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि माझी बायको म्हणजे — मी दुपारी चोरून एक लाडू जास्त खाल्ला तर डब्याचं झाकण बघून ओळखणारी बाई. तिच्यापासून दोन वर्षं दडवलेली गोष्ट आज तुम्हाला सांगतोय. तुम्ही जिंतूरचे नसावेत, एवढीच आशा आहे.

मी जिंतूरच्या शाळेत भूगोल शिकवायचो. ‘आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा’ हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की माझ्या निरोप समारंभात पोरांनी त्याचीच नक्कल केली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निवृत्तीनंतर पक्ष्यांचा नाद लागला. आम्ही पाच जण दर हिवाळ्यात येलदरी धरणावर जाऊन पाहुणे पक्षी मोजायचो. होडी मारोतीमामांची. मामा जातिवंत भोई, सगळी हयात त्या पाण्यावर गेलेली. वल्हं असं मारायचे की पाण्याला पत्ता लागू नये. बदकं मान वर करून आमच्याकडे बघायची आणि परत झोपायची. मामांना ओळखायची की काय कोण जाणे.

फक्त एक अडचण होती. दूरचं बघायला जरा जास्त ताकदीची दुर्बीण लावली की होडीत चित्र नाचायचं. मग कळलं, चित्र स्थिर ठेवणारी दुर्बीण मिळते, खास बोटीवर वापरायला. ती घ्यायचं ठरलं. निवडायची कुणी? सरांनी! सरांना सगळं कळतं! आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं.

मी आणि डिगंबर — त्याचं मेडिकल स्टोअर आहे — शहरात दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस. म्हणाला, होडीसाठी सात पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीणही चालेल, कमी हलते. मी म्हटलं, सात? आम्हाला बारा पाहिजे, आणि स्थिर पाहिजे. परीक्षा कशी घ्यायची, तर मी चाकाच्या खुर्चीत बसलो आणि डिगंबरला म्हटलं, हलव, मी होडीत आहे असं समज. त्याने मला असं गदागदा हलवलं की गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. समोरच्या इमारतीवरची पाटी आधी नाचली. मग दुकानदाराने दुर्बिणीवर वरून बोट ठेवलं आणि पाटी गपकन थांबली. मला वाटलं, काच जरा वेळाने बसते. तो काहीतरी समजावत होता. पण मला समजावणारा माणूस अजून जन्मायचा होता!

घरी येऊन नवी पेटी उघडली, तर आत एक पुस्तिका होती आणि सोबत दोन सेल. दुर्बिणीला सेल कशाला लागतील? फुकट दिले असतील. मी ते टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले.

तुम्ही हसताय. हसा. पुढे हसू येणार नाही — किंवा येईलही, ते तुमचं तुम्ही बघा.

त्या हिवाळ्यात सगळे होडीत बसलो. मी ऐटीत दुर्बीण लावली. समोर पट्टकादंब हंसांचा थवा होता, पण मला दिसली नुसती पांढरी रांगोळी, ती पण कुणीतरी पाय देऊन विस्कटलेली. एकेकाने बघितलं. डिगंबरने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी नापास पोरांकडे बघताना वापरायचो.

मी म्हटलं, मामा, होडी जरा स्थिर धरा की.

मामांनी वल्हं पाण्यात निश्चल धरलं. श्वाससुद्धा रोखला बिचाऱ्यांनी. मग हळू आवाजात म्हणाले, “सर, पानी गप हाय. होडी बी गप हाय. मंग हलायलंय काय?”

याचं उत्तर एकच होतं — मी निवडलेली वस्तू. ते मला जमेना. आणि मी चारचौघांत म्हणालो, “मामा, राग मानू नका. वय झालं. तुमचे हात थरथरायला लागलेत.”

मामांनी दोन्ही हात पुढे धरून बघितले. बराच वेळ बघितले. सरांनी सांगितलं म्हणजे असेलच ना! सगळ्यांना हायसं वाटलं, कारण कारण सापडलं. पुढच्या वर्षी इंजिनाची बोट ठरवायची, हे परतीच्या वाटेवर, त्यांच्याच होडीत बसून पक्कं झालं.

पावसाळ्यात रिमोट बंद पडला. बायको म्हणाली, सेल बदला. कुठे पडलेत का म्हणून मी दुर्बिणीची पेटी उलटी केली आणि ती पुस्तिका मांडीवर पडली. पहिल्याच पानावर चित्र होतं: सेल इथे घाला, बटण इथे दाबा. मी दुकानातून नवे सेल आणले, घातले, बंगईवर बसून जोरात झोके घेतले आणि बटण दाबलं. शेजारच्या टाकीवरचा कावळा जागच्या जागी थांबला. पीस न् पीस दिसत होतं. मी पाय टेकवून बंगई थांबवली.

तेव्हा सांगता आलं असतं. डिगंबरचं दुकान घरापासून चार पावलांवर आहे. गेलो नाही.

पुढच्या हिवाळ्यात इंजिनाची बोट आली. आवाजाने निम्मे पक्षी आधीच उडाले, पण उडताना ते अगदी स्थिर दिसले. दुर्बीण दुसऱ्याच्या हातात देण्याआधी बटण मीच गुपचूप दाबून देत होतो. डिगंबर म्हणाला, “बघा, मामांच्या हाताचाच दोष व्हता. सरांनी बरोबर वळखलं.” मी मान हलवली. हो, हलवली.

उतरलो तर काठावर मामा बसलेले. त्यांनी होडी चालवणं सोडलं होतं. त्यांची होडी मागे पालथी पडली होती आणि ते फाटकं जाळं शिवत होते. बारीक दोरा बारीक भोकातून पहिल्या झटक्यात जात होता. मी उभा राहून बघत होतो. ते हात दाखवायला मामा परभणीला जाऊन आल्याचं मला ठाऊक होतं. डॉक्टरला काही सापडलं नाही, पण मामांनी हट्टाने ताकदीचं औषध लिहून घेतलं आणि ते डिगंबरकडूनच न्यायचे.

मी सांगायचं ठरवलं होतं. शपथेवर सांगतो, दुर्बीण गळ्यात होती, बटण दाखवणार होतो.

त्यांनी जाळं बाजूला ठेवून दोन्ही हात माझ्यापुढे धरले. म्हणाले, “सर, तुमची नजर लय बारीक. जरा बघा बरं, थरथर कमी आली का?”

हात दगडासारखे होते. एक बोट हलत नव्हतं.

मी नीट वाकून बघितलं. चष्मा सारखा केला. आणि म्हणालो, “बराच फरक आहे, मामा. औषध चालू ठेवा.”

ते अजून घेतात.