मागचा दांडा सोडला तेव्हा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा आमच्या वाडीत गेलेच नव्हते. गोखिवऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमची थोडी चिकूची झाडं आहेत. डांबरी रस्ता संपला की दगडांची चढण लागते. चालणं त्यांना झेपत नव्हतं आणि माझी जुनी जीप चढणीवर अडायची. डावं मागचं चाक दगडावर चढलं की उजवं खळग्यात टेकायच्या ऐवजी हवेत गरागरा फिरायचं.

एका रविवारी मी बाबांना म्हटलं, "आज जाऊया. गाडी का अडते ते सापडलंय."

डांबर संपल्यावर मी गाडी थांबवली आणि गाडीखाली शिरले. बाबा काठी टेकून वाकले. "काय करतेस?"

"हा आडवा दांडा बघा. दोन्ही चाकांना जोडलाय. वळणावर गाडी कलू देत नाही. पण इथे एक चाक वर गेलं की दुसऱ्याला खाली जाऊच देत नाही."

"मग काढूनच टाक की कायमचा."

"परतताना हायवे आहे, बाबा. तिथे तो हवाच."

डाव्या बाजूचा बोल्ट सुटला. उजव्याचा गंजलेला होता, हलेना. बाबांनी डिकीतून तेलाची बाटली काढून दिली. "घाई नको, मुरू दे," म्हणाले. थोड्या वेळाने तोही सुटला. मोकळा दांडा दोरीने वर बांधला आणि निघालो.

नेहमी गाडी अडायची त्या जागी आल्यावर मी पहिला गिअर टाकला. डावं चाक दगडावर चढलं, गाडी इतकी कलली की बाबांनी समोरची धरायची दांडी घट्ट पकडली. मग खिडकीतून डोकं काढून ते ओरडलेच, "टेकलं! खाली टेकलं चाक!" आणि गाडी सावकाश वर आली.

वाडीत सपाटी आहे. बाबा काठीच्या आधाराने एकेका झाडापाशी गेले. ऑपरेशनच्या आधी त्यांनी लावलेलं आंब्याचं कलम आता खांद्याला लागत होतं. त्याची पालवी त्यांनी बोटांत धरली.

"याला पाणी कोण घालत होतं?"

"मी. चालत येऊन."

बाबा बांधावर टेकत म्हणाले, "इथे एक खुर्ची आणून ठेवू. आता मी येत जाणार."

परतताना चढण उतरून डांबरावर आल्यावर मी पुन्हा गाडीखाली शिरले आणि दांडा जोडला. बाबा एकेक बोल्ट पुसून हातात देत होते.