गाण्याआधीचं बोलणं

आमच्या बंजारा तांड्यात आईला याडी म्हणतात. माझ्या लग्नात सासरी निघताना मी आणि याडी एकमेकींच्या गळ्यात पडून ढावलो गायलो. ढावलो म्हणजे निरोपाचं गाणं. ते रडत रडतच गायचं असतं. दादानं ते कॅसेटवर भरून घेतलं होतं.

काही वर्षांनी याडी गेली. कॅसेट माझ्याजवळ, सासरी कनेरगाव नाक्याला होती. टेप बिघडला, तशी दादानं ती हिंगोलीला नेली, गाणं मोबाईलमध्ये भरून आणतो म्हणून. आठ दिवसांनी दुपारी तो आला आणि मोबाईल माझ्यापुढं धरला.

"आवाज किती साफ येऊन राहिला बघ."

याडीचा आवाज थेट गाण्यापासूनच सुरू झाला.

"आधीचं बोलणं कुठं हाय?"

"कोणतं बोलणं?"

"याडीचं. गाण्याच्या आधीचं."

"दुकानदारानं फालतूचं काढून टाकलं म्हणे."

"आन् कॅसेट?"

दादा घुटमळला. "दुकानातच राहिली. टेप बंद हाय, तिचं काय करायचं?"

मी चुलीवरचा तवा उतरवला, चपला घातल्या आणि नाक्याकडं निघाले. दादा मागं आला. हिंगोलीची जीप भरेपर्यंत हलेना. तो दुकानात फोन लावत होता, पण कुणी उचलत नव्हतं.

"एवढ्यासाठी काहून तकलीफ करून राहिली?"

मी जीपमध्ये जाऊन बसले. तोंड उघडलं असतं तर भलतंच बोलून गेले असते.

दुकानात कॅसेटच्या फळ्या रिकाम्या होत्या. तिथं मोबाईलची कव्हरं लटकत होती. दुकानदार म्हणाला, "सगळा जुना माल सकाळीच भंगारात दिला, ताई. स्टेशनकडं."

भंगाराच्या आवारात एक बाई दगडानं कॅसेटी फोडत बसली होती. प्लास्टिक एका पोत्यात जात होतं आणि बाजूला काळ्या फितीचा ढीग साचला होता. मी पळत जाऊन तिचा हातच धरला.

"थांबा बाई! माझ्या आईचा आवाज हाय त्यात!"

तिनं दगड खाली ठेवला. उरलेली दोन पोती तिनं स्वतःच माझ्यापुढं उलटी केली. मी एकेक कॅसेट बघत होते आणि नजर सारखी त्या ढिगाकडं जात होती. दादाही गुडघ्यावर बसला. तोही कॅसेटी चाळू लागला. दुसरं पोतं संपत आलं तेव्हा त्याचा हात थांबला. त्याच्याच अक्षरात 'लग्न' लिहिलेली कॅसेट होती ती. कोपरा फुटला होता आणि फीत वीतभर बाहेर लोंबत होती.

आम्ही कॅसेट घेऊन दुकानात परत आलो. दुकानदारानं स्क्रू काढून फितीच्या दोन्ही चकल्या दुसऱ्या कॅसेटीत बसवल्या. फीत एका जागी चुरगळली होती. "तुटली तर मला बोलू नका," तो म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

खरखर. बराच वेळ नुसतीच खरखर. मी काउंटरची कड घट्ट धरली. मग बायांची गडबड ऐकू आली आणि मग याडी, अगदी जवळून:

"लाल लाईट लागली का रे? थांब जरा. पोरीला पाणी पाजू दे आधी. सकाळपासून काय खाल्लं न्हाई तिनं."

दुकानदारानं मान खाली घातली. दादा पायरीवर जाऊन बसला. गाणं सुरू झालं तरी त्यानं वर बघितलं नाही. मग पाठमोराच म्हणाला, "पुन्हा पयल्यापासून लाव म्हणावं."