बहिऱ्या सुभेदाराला हॉल्ट

सतरा वर्षं इन्फंट्रीत काढली. शेवटची पोस्टिंग काश्मीरला, नियंत्रण रेषेवर. त्यानंतरची बहादरपुरला, वडिलांच्या केळीच्या बागेत. इथे सीनियर एकच, माझी बायको सुनंदा.

कुत्रा मीच आणला, बुऱ्हाणपुरातल्या भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून. पिल्लं हातोहात जात होती. हा कोपऱ्यात बसलेला. तोंड पांढरं, वय अकरा-बारा, कानांनी ठार बहिरा. "साहब, इसको कोई नहीं ले जाता," तिथला माणूस म्हणाला. माझं डोकंच फिरलं. म्हातारा झाला म्हणून काय मोडीत काढायचा? सही केली आणि घेऊन आलो. नाव ठेवलं सुभेदार.

सुनंदा म्हणाली, "अहो, घरात एक रिटायर होता तो काय कमी होता?"

हाक मारून उपयोग नव्हता. म्हणून मी त्याला पेट्रोलवरचे, म्हणजे गस्तीवरचे इशारे शिकवले. शत्रूच्या जवळपास आम्ही तोंड उघडत नसू, हातानेच बोलायचो. मूठ वर केली की हॉल्ट. पंजा खाली दाबला की आडवा. हात छातीकडे ओढला की ये. महिन्याभरात पठ्ठ्या तयार झाला. दिवसभर माझ्याकडेच बघत राहायचा.

त्या दिवशी सकाळी मी आणि चुलत भाऊ किसन बांधावर उभे होतो. सुनंदा न्याहारी घेऊन आली होती. तेवढ्यात सुभेदार किसनच्या बागेतून बाहेर आला. तोंडात कणकेचा गोळा. किसन पांढराफटक पडला.

"भाऊ, तो डुकरांचा गोळा आहे! आत बारूद आहे!"

रानडुकरं केळीची झाडं लोळवतात, म्हणून काही लोक चोरून असले गोळे टाकतात. दाताखाली आला की फुटतो. जबडाच उडतो.

"सोड! अरे सोड!" किसन दोन्ही हात हलवत बोंबलायला लागला. सुभेदाराला ऐकू कुठलं येणार? पण हात दिसले. त्याला वाटलं खेळ आहे. शेपूट हलवत तो आमच्याकडेच धावला.

"हात खाली! कोणी हलायचं नाही!" मी ओरडलो आणि मूठ वर केली. "बाळू, थांब!"

सुभेदार थांबला. मी पंजा खाली दाबला. तो आडवा झाला. पण गोळा तोंडातच. 'सोड' हा इशारा मी त्याला शिकवलाच नव्हता. लाळ गळत होती, जबडा हळूहळू हलत होता. माझी पाचावर धारण बसली, खोटं कशाला बोलू.

"सुनंदा, भाकरी."

"काय?"

"भाकरी दे. हळू."

मी मातीत बसलो. भाकरीचा तुकडा तोडला, त्याला दाखवला आणि स्वतःच खाल्ला. तो बघत राहिला. दुसरा तुकडा खाल्ला. आता मात्र त्याला राहवेना. त्याने मान खाली घातली, तोंड उघडलं आणि गोळा ओल्या मातीत ठेवला. मी हात छातीकडे ओढला. तो आला. उरलेली भाकरी मी त्याला भरवली.

पोलिसांना बोलावलं. त्यांनी तो गोळा नेला, बागेतले बाकीचेही शोधून नेले. किसनला मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याची पोरगी त्याच बांधावरून शाळेत जाते.

संध्याकाळी सुनंदाने विचारलं, "बाळू कोण?"

"कुठला बाळू?"

"सकाळी कुत्र्याला बाळू म्हणालात."

मला पत्ताच नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते नाव मी घरात कधी काढलं नव्हतं. मग सांगितलं. सांगताना ढसाढसा रडलो.

लान्स नायक बाळू खोत. कोकणातला, माझा बडी, गस्तीवरचा जोडीदार. पेट्रोलमध्ये सगळ्यांत पुढे तोच असायचा. त्या पहाटे समोरच्या खडकांमागे माणसं आहेत हे त्याला आधी दिसलं. तो लगेच आडवा झाला असता तर वाचला असता. पण मग मागच्या आम्हाला त्याची मूठ दिसली नसती. तो उभा राहिला, मूठ वर करून, शेवटच्या माणसाने बघेपर्यंत. आम्ही सगळे आडवे झालो. पहिली गोळी त्याला लागली.

आम्ही सगळे चालत परत आलो. बाळूला खांद्यावरून खाली आणलं.