सुटीची लांब घंटा

माझी माय छावणीकडच्या पोरींच्या शाळेत शिपाई होती. झाडलोट, पाणी आणि घंटा. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, साखळीनं टांगलेला, आणि मारायला लोखंडी टोला. तिला वाचता येत नव्हतं. तास चुकू नये म्हणून दर घंटेला ती भिंतीवर खडूची उभी रेघ ओढायची. सात रेघांनंतर आठवी सुटीची, लांब. टोल्यावर टोले, आणि शेवटी रुळावर तळवा ठेवून आवाज एकदम बंद.

"हात नाय ठेवला तर पोरी ऐकतच उभ्या राहतेत," म्हणायची. "आन् लांब घंटा झाल्याबिगर कुणी घरला जात नसतं."

मला तिसरीत पोरं 'घंटीवालीचा' म्हणून चिडवायची. एकाचं नाक फोडलं आणि शाळा सोडली. माय लई रडली, पण मी परत गेलो नाही. गवंडी झालो. मी बांधलेल्या भिंती या शहरात अजून ओळंब्यात उभ्या आहेत, कुणीही जाऊन बघावं.

शाळेत विजेची घंटा आली त्याच साली माय रिटायर झाली. रूळ आणि टोला शाळेनं तिलाच दिला. ओसरीत हूक मीच ठोकला. बरीच वर्षं तो नुसता टांगलेला होता. नव्वदीला टेकल्यावर मात्र ती पुन्हा घंटा द्यायला लागली, आणि रेघा आता खाटेजवळच्या भिंतीवर. डोळ्यात मोतीबिंदू, घड्याळ दिसत नव्हतं. तरी मिनिटाचा फरक पडत नसे. कसं, ते मी कधी विचारलं नाही.

मग बिडकीनचे पाहुणे माझ्या नातीला बघायला आले. चहा चालू असताना माय उठली, टोला हाणला आणि पाहुण्यांवर ओरडली, "बसा खाली! तास सुरू झालाय!"

"पोरीपरीस पणजीच भारी हाय की," एक जण म्हणाला. सगळे हसले. सोयरीक जमली, पण मला ते हसणं लागलं. त्याच दिवशी मी टोला माझ्या हत्यारांच्या पिशवीत तळाला घातला, थापीच्या खाली.

"टोला कुठं हाय रे?"

"मला काय ठावं? हरवला असंल."

आठ दिवस ती शोधत होती. तास झाला की नुसता तळवा रुळावर आपटायची, आवाज येत नव्हता, आणि येऊन रेघ ओढायची. आठव्या दिवशी दुपारी सातवी रेघ ओढून ती आडवी झाली, ती उठलीच नाही. भिंतीवरच्या रेघा मी ओल्या फडक्यानं पुसल्या.

तेव्हापासून घरात दिवसाढवळ्या काहीतरी चुकत होतं. वारा नसताना तासाच्या वेळेला रूळ हलायचा. माझी बायको ओसरीत बसेना. मी म्हणायचो, साखळी जुनी झाली.

आमच्यात जीव गेला तिथं दिवा ठेवतात. नवव्या दिवशी संध्याकाळी दिव्याजवळ पीठ पसरून वर टोपलं झाकतात. सकाळी पाखराचा पाय उमटलेला दिसला तर जीव पाखराच्या जन्माला गेला, असं धरतात. दहाव्याला सकाळी धाकट्या बहिणीनं टोपलं उचललं. पाय नव्हता, खूर नव्हता. उभ्या रेघा होत्या. सात.

"उंदीर," मी म्हणालो.

"उंदीर मोजून रेघा ओढतो व्हय दादा? कुठल्याच जन्माला गेली नाय ती. तासावरच हाय अजून. तिला सुटी द्या कुणीतरी."

"कशानं? टोला हरवलाय."

बहीण वरवंटा घेऊन आली, रुळावर दोनदा मारला. ठप् ठप्. मडक्यावर मारल्यासारखं.

 घाटावरचं सगळं केलं, परत आलो. पाचला दहा कमी असताना, म्हणजे तिच्या सुटीच्या वेळेला, रूळ हलायला लागला. घरात भावकी भरलेली, सगळे त्याच्याकडं बघत होते. मी उठलो, पिशवी आणली आणि सगळ्यांसमोर उपडी केली. थापी पडली, ओळंबा पडला, शेवटी टोला.

बहीण पुढं आली. "दादा, तू?"

"व्हय. मीच लपवला."

एवढंच म्हणालो. मग लांब घंटा दिली. जन्मात पहिल्यांदा दिली. खांदा भरून येईपर्यंत मारली, टोला खाली ठेवला. रूळ घुमत होता. तो थांबवायला मी तळवा उचलला.

माझा हात अजून वीतभर लांब होता, तेव्हाच आवाज एकदम बंद झाला.