खुर्ची कोणती?

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक सवय जडलेली असते: आधी थांबवायचे, मग उघडून पाहायचे. तेवीस वर्षे हे काम केलेल्या दादाच्या तर ती हाडीमाशी खिळली होती. इतरांना लिफ्ट चालताना दिसते. त्याला ती ऐकू येते. दोराचा सूर किंचित बदलला की तो आतल्या माणसांना जवळच्या मजल्यावर उतरवतो, मुख्य स्विच खाली ओढतो आणि त्यानंतरच खिशातली बॅटरी काढून वर डोकावतो. दहापैकी सात वेळा काहीच निघत नाही. मग रहिवासी धापा टाकत जिने चढतात आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. तो निमूटपणे ऐकून घेतो.

मात्र त्या शनिवारी त्याने थांबवली ती लिफ्ट नव्हती. ती त्याच्या धाकट्या बहिणीची विजेतेपदाची लढत होती. पाचपैकी चार फेऱ्या झाल्या होत्या, गुणांवर ती पुढे होती, आणि भरलेल्या सभागृहादेखत त्याने तिच्या कोपऱ्यातून टॉवेल लढतीच्या जाळीदार पिंजऱ्यात फेकला. कोपऱ्यातून टॉवेल पडला की हार मान्य, असा या खेळातला रिवाज. तीन वर्षे तिच्या कमरेला असलेला पट्टा एका क्षणात गेला.

आता रविवारची सकाळ होती. रुग्णालयाच्या तपासणी विभागाबाहेर दोघे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते, मधे एक खुर्ची रिकामी ठेवून. ती रिकामी बहिणीनेच ठेवली होती. तिच्या डोक्याचे स्कॅन झाले होते आणि डॉक्टरबाई आत ते पाहत होत्या.

दादाच्या मनात एक विचित्र हिशेब चालला होता. स्कॅन स्वच्छ निघाले, तर बहीण सुखरूप. पण मग अकरा वर्षांची मेहनत त्याने फुकट मातीत घातली, हेही सिद्ध. स्कॅनमध्ये काही निघाले, तर तो बरोबर. पण ते बरोबर असणे त्याला नको होते. पाठीमागच्या भिंतीला डोके टेकवून तो मनात एकच घोकत होता: मी चुकलेलो निघू दे.

बहिणीला लोक घोरपड म्हणत. हे नाव प्रेक्षकांनी प्रथम चिडून दिले आणि नंतर कौतुकाने चालू ठेवले. तिचा खरा धंदा खुर्च्या-सोफ्यांना नवे कापड चढवण्याचा. एका कारखान्यात ती सोळाव्या वर्षापासून ते काम करी. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर मिश्र युद्धकलेची, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळे चालणाऱ्या खेळाची, तालीम होती. तिथल्या फाटक्या बाकाचे माप घ्यायला ती एकदा मीटरची फीत गळ्यात घालून वर गेली. तालमीच्या मास्तरांनी गंमत म्हणून आपले मनगट पुढे केले आणि म्हणाले, "धर बघू." तिने धरले. मास्तरांनी हिसका दिला, पिळले, दोन्ही पायांवर जोर टाकला, आणि शेवटी पोरांदेखत शोभा नको म्हणून म्हणाले, "बरं, आता सोड." बाकाला कापड चढले ते तीन महिन्यांनी. बाई मात्र दुसऱ्या दिवसापासून तालमीत येऊ लागली. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, म्हणजे या खेळाच्या मानाने घोडनवरी.

तिच्या लढण्याच्या शैलीविषयी पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले, पण ती समजून घ्यायची तर तिला खुर्चीवर काम करताना पाहायला हवे होते. नवशिका कारागीर कापड एकदम जोरात ताणतो आणि ते कोपऱ्यात फाटते. ती आधी ढिलाई गोळा करी. तळव्याने कापड मधून कडेकडे सारत नेई, बोटभर, पुन्हा बोटभर. आणि सारी ढिलाई संपली की जेमतेम जोर लावून पिना मारी. पिंजऱ्यातही तेच. ठोसे तिला कधी जमले नाहीत. मास्तर म्हणत, "हिचा ठोसा म्हणजे शेजारीण विरजण मागायला आल्यासारखा." ती सरळ अंगात शिरे, समोरचीच्या हनुवटीखाली आपले डोके रोवी, तिला जाळीला भिडवी, एक पाय उचलून खाली पाडी आणि पाठीवर स्वार होई. त्यानंतर घाई नसे. समोरचीने श्वास सोडला की रिकामी झालेली तेवढी जागा हिचा हात घेई. पुन्हा श्वास, पुन्हा जागा. शेवटी गळ्याभोवती ढिलाई म्हणून उरतच नसे आणि प्रतिस्पर्धी हात आपटून हार मान्य करी. एकवीस लढतींत अठरा विजय, त्यांतले चौदा असे.

प्रेक्षकांना हे पचायला वेळ लागला. "अगं, लढतेस की लाडात आलीस?" असे कुणीतरी एकदा ओरडले होते, आणि सभागृह हसले होते. हसणाऱ्यांना दिसत नसे ते दादाला दिसे. अंगात शिरायचे तर समोरचीच्या माऱ्यातून जावे लागते. त्या दोन पावलांचे मोल ती दर वेळी डोक्याने मोजी.

सातव्या लढतीत ती जिंकली आणि कपडे बदलण्याच्या खोलीत तिने दादाला तीनदा विचारले, "मी जिंकले का रे?" तिसऱ्या खेपेला त्याच्या लक्षात आले. शेवटची संपूर्ण फेरी तिला आठवत नव्हती, आणि ती फेरी तिने उत्तम लढली होती.

दुसऱ्या दिवशी तिनेच तोड काढली. "हे बघ दादा, अंगाला सगळं पाठ आहे. डोकं घरी निघून गेलं तरी अंग लढत राहील. 'बरी आहेस का' असं विचारलंस तर मी मरेपर्यंत 'बरी आहे' म्हणणार. मला असं काहीतरी विचार, जे पाठ नसेल."

मग त्यांनी ठरवले. लढतीला जाण्यापूर्वी कामाच्या अखेरच्या दिवशी ती जी खुर्ची पुरी करेल, ती दादाने कारखान्यात जाऊन डोळ्यांनी पाहून यायची. फेऱ्यांमधल्या एका मिनिटाच्या विश्रांतीत मास्तर डावपेच सांगतील, दादा पाणी देईल, आणि एकच प्रश्न विचारेल: खुर्ची कोणती? दर लढतीला खुर्ची नवी, म्हणून उत्तरही नवे. उत्तर चुकले तर टॉवेल.

"आणि मी रडले, शिव्या घातल्या, तरी ऐकायचं नाही," ती म्हणाली होती.

"तू शिव्या घालशीलच."

"घालीनच. म्हणून तर आधी सांगून ठेवते."

त्यानंतरच्या तेरा लढतींत तिचे उत्तर एकदाही चुकले नाही.

शनिवारची प्रतिस्पर्धी चोवीस वर्षांची होती. उंच, लांब पायांची; तिला कात्री म्हणत. तिसऱ्या फेरीत तिची लाथ बहिणीच्या कानावर बसली. बहीण खाली बसली आणि पडलेले काही उचलून घ्यावे तशी लगेच उठली. विश्रांतीत दादाने विचारले. "हिरवी. लाकडी हातांची," ती म्हणाली. उत्तर बरोबर होते. जरा उशिरा आले, इतकेच. चौथ्या फेरीत तर तिने कमाल केली. पाचांपैकी चार मिनिटे कात्री तिच्याखाली चटईला चिकटून होती. लोक उभे राहिले. ती कोपऱ्यात येऊन स्टुलावर बसली तेव्हा तिचा चेहरा शांत होता, श्वासही फारसा चढलेला नव्हता.

"खुर्ची कोणती?"

"निळी मखमल," ती तत्काळ म्हणाली.

निळी मखमल मागच्या वर्षीच्या लढतीची होती.

मास्तर खाली वाकून कुजबुजले, "दमलीये रे. पाच मिनिटं राहिलीत. फक्त पाच मिनिटं."

दादाने पुन्हा विचारले. "निळी मखमल! बहिरा झालास का? कितीदा सांगू?" तिने त्यालाच मूर्खात काढले. तिचा सूर स्वच्छ होता, शब्द स्पष्ट होते, नजर स्थिर होती. त्या स्थिर नजरेनेच दादाची पाचावर धारण बसली. त्याने तिच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि फेकला.

काय झाले हे कळायला तिला काही क्षण लागले. मग ती फक्त एवढेच म्हणाली, "तुला हेच येतं. चालतंय ते बंद पाडायचं." रहिवाशांच्या तोंडून हे त्याने हजारदा ऐकले होते. तिच्या तोंडून पहिल्यांदा.

"दमल्यावर माणूस आईचं नाव विसरतं," रुग्णालयात रिकाम्या खुर्चीपलीकडून ती अचानक म्हणाली. सकाळपासूनचे तिचे हे पहिले वाक्य.

"हो."

"हो काय, हो? आईचं नाव विसरले म्हणून कुणी पट्टा काढून देतं का?"

"नाही."

"भांड तरी नीट. नुसता नंदीबैल."

तो काही बोलणार, एवढ्यात दार उघडले. डॉक्टरबाईंनी दोघांना आत बोलावले. उजेडाच्या पडद्यावर डोक्याची करडी चित्रे ओळीने लावलेली होती. बाईंनी पेनाच्या टोकाने एका चित्राची कड दाखवली.

"कवटी आणि मेंदूच्या मधे ही रक्ताची रेघ आहे. दिसते? नखाच्या कडेइतकी. मेंदूवर दाब आलेला नाही. ऑपरेशन नको, विश्रांती घेतली की बहुतेक आपोआप जिरेल. दोन दिवस इथेच राहा, सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करू. लढणं बंद."

बहिणीने पडद्याकडे बराच वेळ पाहिले. मग तिने विचारले, "अजून एक फेरी झाली असती तर?"

"डोक्याला काहीच लागलं नसतं, तर कदाचित हेच. अजून एक फटका बसला असता, तर हे सगळं मी आज तुमच्या भावाला एकट्याला सांगत असते."

दोघे बाहेर आले.  दादा त्याच खुर्चीवर जाऊन बसला.  रेघ होती, पण जिरणारी होती. तो बरोबर होता. पण त्याची किंमत त्याला परवडणारी होती. बऱ्याच वेळाने त्याचा जीव भांड्यात पडला, आणि तोही आवाज न करता, कारण रडताना कुणी पाहू नये असे त्याला वाटत होते.

बहीण आली आणि मधल्या खुर्चीवर बसली.

"थांब, सांगू नकोस," ती म्हणाली. डोळे मिटून ती शोधू लागली, अंधारात हाताने स्विच शोधावा तशी. "हिरवी. लाकडी हातांची. उजवा हात कुत्र्याने कुरतडलेला, तो मी घासून गोल केला."

"हो."

"आणि मी काय म्हणाले?"

"निळी मखमल."

"ती तर मागच्या वर्षीची."

"हो."

"एकदाच म्हणाले?"

"दोनदा. दुसऱ्यांदा मला बहिरा म्हणालीस."

ती हसली, आणि लगेच दोन्ही हातांनी डोके धरले. "हसवू नकोस रे, दुखतं." मग जरा वेळाने, "दादा, तो टॉवेल माझा होता. नवा कोरा. परत घेतलास का?"

"नाही."

"म्हणजे पट्टाही गेला आणि टॉवेलही गेला. धन्य आहेस."

रुग्णालयातून सुटल्यावर ती दादाच्या घरी राहायला आली. वहिनीने तिला खिडकीजवळची खोली दिली. पहिल्याच दिवशी तिने भरलेले ताट संपवले, दुसऱ्यांदा वाढून घेतले आणि हात धुता धुता म्हणाली, "वहिनी, अकरा वर्षं मी वजनकाट्याला विचारून जेवले. आता त्या मेल्याला काही विचारायचं नाही." हे बोलताना तिचा चेहरा असा सैलावला होता की पट्ट्याचे दुःख तिला किती होते आणि ओझे किती होते, हा प्रश्न दादाने पुन्हा मनात येऊ दिला नाही.

बोलण्यात गोंधळ वाटला तर लगेच घेऊन या, असे डॉक्टरबाईंनी बजावले होते. म्हणून दादा रोज सकाळी चहा पुढे ठेवून विचारी, "खुर्ची कोणती?" काम बंद होते, त्यामुळे उत्तर त्याच हिरव्या खुर्चीचे. ती रोज तिच्यात भर घाली: आज आतल्या स्प्रिंगांची संख्या, उद्या गिऱ्हाईकाने घासाघीस कशी केली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती कपाकडे टक लावून म्हणाली, "निळी मखमल." दादाच्या हातून किटली सुटली. फरशीवर चहाचे तळे झाले, तो अनवाणी त्यातून गाडीच्या किल्लीकडे धावला, आणि मागून तिचे खदखदून हसणे ऐकू आले.

जन्मात तो तिच्यावर ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला. वहिनी आतून धावत आली, बहीण मात्र तृप्त चेहऱ्याने म्हणाली, "आलं एकदाचं भांडता. मला वाटलं, तुझंही मशीन बंद पडलंय."

दुसऱ्या स्कॅनमध्ये रेघ नव्हती. पुन्हा लढायचे झाले तर निर्णय तज्ज्ञांनी घ्यायचा, पण माझे मत विचाराल तर नको, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. बहिणीने मत विचारले, ऐकले, आणि पुढच्या सोमवारी ती कारखान्यात कामावर गेली. संध्याकाळी ती परतली तेव्हा दादा दारात बसून बूट काढत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"आज सकाळी विचारलं नाहीस."

"आता कशाला? रेघ गेली."

"विचार की."

"खुर्ची कोणती?"

"खुर्ची नाही, सोफा. तिघांचा. तपकिरी. एक पाय आखूड, म्हणून बसणारा सारखा उजवीकडे घसरतो. नवरा-बायकोचं भांडण मिटवायला बरा."

दादा हसला, बूट जोडीने भिंतीशी लावले आणि आत गेला. जेवायला बसल्यावर त्याच्या लक्षात आले की तो सोफा त्याने पाहिलेला नाही, आणि पाहून यावे असे त्याला वाटलेलेही नाही.