दाढ उपटताना दिलेला होकार

घाटकोपरला स्टेशनजवळ एक दातांचे डॉक्टर होते. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबला की त्यांना हमखास बोलायची हुक्की यायची. एकदा माझी दाढ उपटताना म्हणाले, "मुलगी नर्स व्हायचं म्हणते. जाऊ द्यावं का हो?"

नेमका तेव्हाच त्यांनी चिमटा आवळला. कळ मस्तकात गेली आणि मी "हांऽऽ" करून ओरडलो.

"हो ना? मलाही तसंच वाटतं," असं म्हणून त्यांनी दाढ उपटली.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या दाढेसाठी गेलो, तर म्हणाले, "गेली हो मुलगी. हॉस्टेलात राहते. घरात कुणी माझ्याशी बोलत नाही."

मी गडबडलो. "डॉक्टर, मी हो म्हणालो नव्हतो. नुसता ओरडलो होतो."

"ठाऊक आहे," चिमटा पुसत ते म्हणाले, "पण बाकीचे सगळे स्पष्ट नाही म्हणाले होते."

मग त्यांनी आ करायला सांगितलं, तोंडात बोटं घातली आणि तशीच ठेवून हळूच विचारलं, "नीट राहील ना हो ती?"

या वेळी मी खरोखरच हो म्हणालो. त्यांना ते कसं ऐकू आलं, कुणास ठाऊक.